नर्सला नोंदणी क्रमांक विचारला म्हणून कुणाचा अपमान होत नाही

माजी_इन्चार्ज_सिस्टर:
घोडबंदरकर यांनी काल लिहिलेलं वाचलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: आईंना अर्धांगवायू झाला, घरी नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोतून बाई ठेवली, ती हॉस्पिटलातल्या सिस्टरांपेक्षा सरस निघाली. त्यावरून निष्कर्ष असा की नर्सिंग काउन्सिल, तिथली नर्सची नोंदणी, तिचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण ही सगळी पैसे खायची कुरणं आहेत. शेवटचं वाक्य, "हाताला गुण असला की कागद कशाला हवा?" आणि खाली अंगठ्यांची रांग.

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

तुमच्या सोसायटीत धुणंभांडी करणाऱ्या बाईचं पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. गेटवर तिचा फोटो निघतो, जाताना पिशवी तपासतात. आणि जी बाई तुमच्या आईच्या शिरेत सुई घालणार, तिला "कुठे शिकलीस" एवढंही कुणी विचारत नाही. ब्यूरोवाला फोनवर 'नर्स' म्हणाला की झाली ती नर्स. नर्सिंग शिकायचं म्हणजे एएनएमची (सहायक नर्स-मिडवाइफ) दोन वर्षं, जीएनएमची (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी) तीन, बीएस्सीची चार. आमच्या वेळी तर जीएनएम साडेतीन वर्षांचं होतं. रात्रपाळ्या करून, मेट्रनच्या शिव्या खाऊन ते पदरात पडतं. ब्यूरोत ते दुपारच्या चहापर्यंत होतं.

निवृत्तीनंतर ओळखीतल्या एका घरी रात्री धावत गेले होते. आजोबांना नाकातून नळी. 'नर्स'ने नळी जागेवर आहे की सरकली हे न बघता दूध सोडलेलं. आजोबा खोकत होते तर ती पाठीवर थोपटत होती. बिचारीला कुणी शिकवलंच नव्हतं. तिचा राग नाही. राग त्याचा, ज्याने तिला 'नर्स' म्हणून पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलला नाही.

आजोबांच्या मुलाने विचारलं, तक्रार कुठे करू? मी म्हटलं, काउन्सिलकडे तरी नाही. तिचं नाव कुठल्या रजिस्टरात नाही, मग ते काढणार कुठून?

घोडबंदरकर:
माझ्यावर स्वतंत्र धागा! आभारी आहे.

आता माझंही ऐका. आई आयसीयूत होती तेव्हा सगळ्या सिस्टर नोंदणीकृत. छातीवर बिल्ले, गळ्यात ओळखपत्रं. बिलात 'नर्सिंग चार्जेस' वेगळे, रोजचे. घरी आणली तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढा बेडसोर. डिस्चार्जच्या कागदावर त्याचा उल्लेखसुद्धा नाही. ठाण्याजवळच्या दिव्याहून येणारी आमची ब्यूरोची बाई दहावी नापास आहे. तिने दर दोन तासांनी कूस बदलून, पाठ कोरडी ठेवून ती जखम भरून आणली. तुमचं काउन्सिल त्या बिल्लेवाल्यांचं काय करणार होतं? मी तक्रार केली असती तर कुणाचं नाव कापलं गेलं असतं? एक उदाहरण द्या.

आणि हो, तुमची ती दिव्याची देवी फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्वतः नर्सच्या नोंदणीच्या विरोधात होती. बघा शोधून.

वाशीचा_वाचक:
नाइटिंगेलबद्दल अर्धं बरोबर. १८८७ मध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन काढली आणि नोंदणीची मागणी लावून धरली. नाइटिंगेल यांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, नर्सचा स्वभाव परीक्षेत कळत नाही आणि यादीत मावत नाही. भांडण तीसेक वर्षं चाललं. तोवर न्यूझीलंडने १९०१ मध्ये कायदा करूनही टाकला. इंग्लंडमध्ये १९१९ मध्ये झाला आणि रजिस्टरात पहिलं नाव लागलं फेनविक यांचं. म्हणजे तुम्ही ज्यांची साक्ष काढलीत त्या त्यांच्याच देशात हरल्या.

घोडबंदरकर:
हरल्या म्हणजे चुकल्या असं नाही. बेडसोरबद्दल कुणी बोलणार आहे का?

माजी_इन्चार्ज_सिस्टर:
बोलते. बेडसोर झाला ती नर्सिंगची चूक. नोंदणी असो नसो, लाज वाटण्यासारखी. पण त्या रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट होते हे विचारलंत? आयसीयूत एकाला एक हवी. प्रत्यक्षात तीन-तीन व्हेंटिलेटर एकीच्या गळ्यात मारतात आणि बिल तुम्ही एकास एकचं भरता. तुमच्या दिव्याच्या बाईकडे पेशंट एकच आहे, म्हणून दोन तासांनी कूस बदलता येते. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा, मनापासून. पण त्यांनी केलं ते उत्तम शुश्रूषेचं काम. उद्या त्यांना कुणी सलाइनमधून औषध सोडायला सांगितलं तर?

घोडबंदरकर:
ते ती आत्ताही सोडते.

माजी_इन्चार्ज_सिस्टर:
अरे देवा.

कोपरी_डॉक:
दोघांचीही माफी मागून एका छोट्या नर्सिंग होमवाल्याचं ऐका. बारा खाटा, ठाणे पूर्व. १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदा म्हणतो की शिकलेल्या नर्स 'योग्य प्रमाणात' हव्यात आणि मॅटर्निटी होममध्ये पात्र मिडवाइफ हवी. मान्य. पण आणू कुठून? जीएनएम येते, आमच्याकडे हात बसवते, सहा महिन्यांत मोठ्या कॉर्पोरेटमध्ये जाते, तिथून दुबई. मग आम्ही काय करतो? बारावी झालेली मुलगी घेतो, शिकवतो. माझ्याकडची सर्वांत जुनी 'सिस्टर' अशीच तयार झालेली आहे आणि कुठल्याही फ्रेशरपेक्षा तिचा हात शंभर पटीने बरा.

खरं सांगू का? इन्स्पेक्शनला माणूस कुणी बघत नाही, फाइल बघतात. म्हणून काही ठिकाणी सर्टिफिकेट भाड्याने मिळतं. भिंतीवर जीएनएमची नोंदणी टांगलेली, बाई मात्र सातारला संसार करतेय. मी करत नाही, पण चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

माजी_इन्चार्ज_सिस्टर:
"मी करत नाही." बरं.

कोपरी_डॉक:
टोमणा कळला. नाहीच करत.

लेबररूम_ऐरोली:
मिडवाइफचा विषय निघालाच आहे तर. माझ्या सर्टिफिकेटवर आरएन आणि आरएम दोन्ही आहे. रजिस्टर्ड मिडवाइफ! खाजगी लेबररूममध्ये मी करते काय? ट्रे धरते, डॉक्टरांना फोन करते, फोन उचलला नाही तर बाळ आपल्या आपण येतं आणि मग डॉक्टर धावत येऊन सही करतात. २०१८ मध्ये केंद्राने मिडवायफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. दीड वर्षाचं प्रशिक्षण घेतलेली नर्स प्रॅक्टिशनर साध्या, धोका नसलेल्या बाळंतपणांची जबाबदारी घेईल असं ठरलं. खाजगीत कुणी तिला पाऊल ठेवू देईल का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने, सरकारीत १४.३. मिडवाइफला काम मिळालं तर हा आकडा खाली येईल, आणि तो खाली आलेला कुणाला हवाय?

कोपरी_डॉक:
सिझेरियनचा धागा वेगळा काढा, मी येतो तिथे. सरकारीतले अवघड पेशंट आमच्याकडेच येतात हे विसरू नका.

लेबररूम_ऐरोली:
आणि तुमच्याकडचे फसलेले सिव्हिलला जातात, तेही.

पंचाण्णव_गाव:
नोंदणी नोंदणी काय लावलंय. नवी मुंबईसाठी सिडकोने पंचाण्णव गावांची जमीन घेतली. आज त्या जमिनीवर काचेची हॉस्पिटलं आहेत. आत जाऊन बघा, सगळी केरळची भरती. माझी भाची जीएनएम, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंदणी हातात, मराठी-हिंदी दोन्ही चोख. तिला सांगतात 'फ्लूएंट इंग्लिश' पाहिजे. पेशंट कोण, तर इथल्याच करावे-दारावे गावांतली म्हातारी माणसं. त्यांच्याशी इंग्रजीत बोलणार का?

नेरूळची_मल्याळी:
उत्तर मराठीत देते, म्हणजे तुम्हाला त्रास नको.

आई कोट्टायमहून आली तेव्हा नेरूळला धड रस्ते नव्हते. केरळची नोंदणी इथे आपोआप चालत नाही. तिकडच्या काउन्सिलचं ना हरकत प्रमाणपत्र, इथे पुन्हा अर्ज, पुन्हा फी, मूळ कागद पोस्टाने, मग महिनोन्‌महिने वाट. तोपर्यंत 'ट्रेनी' म्हणून अर्ध्या पगारावर नाइट ड्यूटी. आणि मूळ सर्टिफिकेटं हॉस्पिटलने कपाटात ठेवलेली, बाँड पुरा होईपर्यंत. चांगली नोकरी मिळाली तरी सोडता येत नव्हती, कारण नोंदणीचा कागदच त्यांच्याकडे. तुमची जमीन माझ्या आईने घेतली नाही. तिने तुमच्या करावे-दारावेच्या म्हाताऱ्यांची शौचाची भांडी काढलीत, मोडक्यातोडक्या मराठीत "दुखतंय का आजी" विचारत.

पंचाण्णव_गाव:
तुमच्या आईबद्दल बोललो नाही. विषय भरतीचा आहे. आमच्या मुलींना का घेत नाहीत?

नेरूळची_मल्याळी:
विषय "सगळी केरळची" असा होता. वर वाचा. आणि आता केरळच्या मुलीही इथे थांबत नाहीत. दोन वर्षं अनुभव, मग परीक्षा, मग आखात नाहीतर इंग्लंड. तुमच्या भाचीला जे चौदा हजार देतात तेच त्यांना देतात.

पंचाण्णव_गाव:
चौदा? बारा. त्यात गणवेशाचे कापतात.

लेबररूम_ऐरोली:
पगाराचं कुणीतरी काढलंत एकदाचं! सुप्रीम कोर्टाच्या २०१६च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. तिच्या शिफारशी पाठ आहेत मला. खाजगी हॉस्पिटल २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी नर्सइतका पगार. १०० ते २०० मध्ये फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० मध्ये फार तर २५ टक्के कमी. आणि ५० खाटांच्या खाली असेल तरी निदान २०,००० रुपये. २०१६ साली! आज मला ठाण्यात अशी एक जागा दाखवा. नूतनीकरणाला उशीर झाला तर आमच्याकडून दंड घेतात. पगार कमी दिला तर हॉस्पिटलकडून कोण घेतं?

कोपरी_डॉक:
त्या शिफारशी आहेत. २०,००० द्यायचे तर बारा खाटांची फी कुठे न्यायची? मग तुम्हीच म्हणणार डॉक्टर लुटतात.

लेबररूम_ऐरोली:
म्हणजे लुटायचं कुणाला एवढाच प्रश्न आहे.

कोपरी_डॉक:
ही भाषा असेल तर मी बोलत नाही.

बर्मिंगहॅमहून_कोपरखैरणे:
इकडचं, इंग्लंडचं सांगते, हेवा वाटावा म्हणून नाही. इथे कुणीही पेशंट माझं नाव काउन्सिलच्या साइटवर टाकून बघू शकतो. दर तीन वर्षांनी ४५० तास काम केल्याचं आणि ३५ तास शिकल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर नाव गळतं. त्रास आहेच. पण वॉर्डात माणसं कमी असताना मी "हे सुरक्षित नाही, माझं रजिस्ट्रेशन धोक्यात येईल" असं लिहून देते तेव्हा मॅनेजर ऐकतो. नवी मुंबईत हेच म्हटलं तर सुपरवायझर म्हणाल्या होत्या, "उद्यापासून येऊ नकोस." नोंदणी तिथेही होती. तिला वजन नव्हतं.

घोडबंदरकर:
बघा! मी वेगळं काय म्हणत होतो? नोंदणी आहे, वजन नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत १८ माणसं दगावली. त्याच महिन्यात दिल्लीत नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा झाला. १९४७च्या नर्सिंग काउन्सिल कायद्याच्या जागी २०२३चा. पाटी बदलली. कळव्याच्या वॉर्डात काय बदललं?

माजी_इन्चार्ज_सिस्टर:
कळव्याच्या मृत्यूंवर चौकशी समिती नेमली गेली होती, त्यावर इथे खुर्चीत बसून निकाल देऊ नका. नर्सची नोंदणी नसल्यामुळे ती माणसं गेली असं कुणीच म्हटलेलं नाही. उगाच काहीही कशालाही जोडू नये.

बाकी वजन नाही हे मान्य. मी नोकरीत असताना काउन्सिलच्या रांगेत दिवस घालवलेत, मला शिकवू नका. पण वजन नाही म्हणून तराजूच फेकून द्यायचा म्हणता, तिथे माझं भांडण आहे. नवा कायदा लागू झाल्यापासून वर्षभरात राज्याला आयोग नेमायला सांगतो आणि राष्ट्रीय व राज्य अशी दोन्ही रजिस्टरं ठेवायला सांगतो. ते रजिस्टर माणसं उघडून बघायला लागली तर डॉक्टरांनी सांगितलेली ती भाड्याची सर्टिफिकेटं एका दिवसात उघडी पडतील. सातारला संसार करणारी बाई ठाण्यात ड्यूटीवर कशी, हे पेशंटचा भाऊच विचारेल.

तुम्ही मला एक उदाहरण मागितलंत, नाव कापल्याचं. माझ्याकडे नाही. पण तुम्ही त्या बेडसोरची तक्रार लेखी केलीत का?

घोडबंदरकर:
नाही केली. आई घरी होती, मला वेळ होता का?

माजी_इन्चार्ज_सिस्टर:
नव्हता. कुणालाच नसतो. आणि सलाइनचं काय ठरवलंत?

घोडबंदरकर:
संध्याकाळी ब्यूरोला फोन केला. म्हटलं, शिरेतून औषध द्यायचं आहे, नोंदणी असलेली नर्स पाठवा, क्रमांक आधी व्हॉट्सअ‍ॅप करा. "साहेब, नंबरवाली हवी तर रेट डबल" असं उत्तर आलं. म्हणजे नंबर असतो आणि त्याला किंमतही असते, हे कळलं. झालं समाधान? सलाइनपुरती एक जीएनएम येऊन जाईल. बाकी दिवसभर आमची दिव्याचीच बाई राहणार, आणि तिला मी 'सिस्टर' म्हणणार. तुमच्या काउन्सिलला कळवा.

माजी_इन्चार्ज_सिस्टर:
म्हणा की. आमच्यात वॉर्डबॉयलाही मामा म्हणतात. येणाऱ्या जीएनएमचा क्रमांक आला की नाव जुळतंय का तेवढं बघा. डबल रेटमधले तिला किती मिळतात तेही विचारा जमलं तर.

पंचाण्णव_गाव:
अर्धेसुद्धा नाही मिळत. भाचीने ब्यूरोत काम केलंय. @नेरूळची_मल्याळी, "सगळी" म्हटलं ते मागे घेतो. "बरीचशी" म्हणतो.

नेरूळची_मल्याळी:
फारच उदार आहात. भाचीला इंग्रजीची तयारी करायची असेल तर माझी बहीण सीवूड्सला क्लास घेते. आगरी लोकांना सवलत नाही.

कोपरी_डॉक:
बोलणार नव्हतो, पण गरज आहे म्हणून टाकतो. ठाणे पूर्व, जीएनएम, नोंदणी चालू असलेली, रात्रपाळी, राहायची सोय. पगार १६ ते १८ हजार, अनुभवानुसार. मेसेज करावा.

लेबररूम_ऐरोली:
डॉक्टर, २०१६चा आकडा वर लिहिलाय.