उन्हाळ्यात मस्कतचं एफएम लागतं, पावसाळ्यात का नाही?

खाडीकाठचा:
मंडळी, मदत हवी आहे. घर रत्नागिरीजवळ, अगदी समुद्रकाठी. एप्रिल-मेच्या संध्याकाळी एफएमवर अरबी बातम्या लागतात, मध्येच मस्कतचं नाव ऐकू येतं. अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर, अँटेना घरी बांधलेला साधा डायपोल (दोन सरळ दांड्यांचा).

थोडं वाचलं. हवेत लहर किती वाकते ते हवेच्या अपवर्तनांकावर ठरतं. तो एकाहून जेमतेम ०.०००३ ने जास्त, म्हणून एकावरचा भाग दशलक्षांशांत मोजतात आणि त्याला एन म्हणतात:
एन = ७७.६ × दाब ÷ तापमान + ३.७३ लाख × बाष्पदाब ÷ तापमानाचा वर्ग
(दाब आणि बाष्पदाब, म्हणजे हवेतल्या वाफेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये; तापमान केल्विन.)

दाब १०१०, तापमान ३० अंश सेल्सिअस, बाष्पदाब ३० धरला तर पहिलं पद २५९, बाष्पाचं १२२. हवेत तीन टक्के वाफ आणि वाटा एक तृतीयांश! मग जुलैत लहरी आणखी वाकायला हव्यात ना? तेव्हा तर मस्कत गायब. आणि हे डक्टिंग (लहर हवेच्या खालच्या थरात अडकून दूर जाणं) की स्पोरॅडिक ई (खूप उंचावरच्या विद्युतभारित थरावरून लहर परतणं), ओळखायचं कसं?

तारवाला:
वाफ किती यापेक्षा ती उंचीबरोबर किती झटकन कमी होते ते बघा. एरवी एन किलोमीटरला ४० च्या आसपास उतरतो. उतार १५७ च्या पुढे गेला की लहर पृथ्वीच्या गोलाईपेक्षा जास्त वाकते आणि थरात अडकते; हा थर म्हणजेच डक्ट. मे महिन्यात समुद्रालगत दमट थर, त्यावर अरबस्तानाकडची गरम कोरडी हवा. तुमचंच गणित पुढे न्या: १०० मीटरवर दाब १०००, तापमान ३३, बाष्पदाब १५. एन साधारण ३१३. म्हणजे १०० मीटरांत ६८ ची घसरण, किलोमीटरला ६८० च्या हिशोबाने! जुलैत वारा सगळं घुसळतो, वाफ कित्येक किलोमीटर उंच भरलेली, त्यामुळे उतार सौम्य.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या २०० मेगाहर्ट्झ रडारवर थेट अरबस्तानाचे प्रतिध्वनी यायचे, तेही याच कारणाने.

१०० मेगाहर्ट्झच्या वरची स्टेशनंही तासन्‌तास स्थिर लागत असतील तर डक्टिंगच. स्पोरॅडिक ई मिनिटामिनिटाला चढतं-उतरतं. मुंबई आणि पणजीहून सुटणाऱ्या हवामान फुग्यांच्या नोंदी ताडून बघा. पातळ थर त्यात निसटतो, एवढं मात्र लक्षात ठेवा.

खाडीकाठचा:
आभार! १०४-१०५ वरही रात्री उशिरापर्यंत येतं, म्हणजे डक्टिंगच. पण आंबा घाटात राहणाऱ्या मित्राला यातलं काहीच लागत नाही, त्याचा अँटेना तर माझ्याहून भारी.

तारवाला:
घाट उंचावर, तो डक्टच्या वर बसलाय हो. त्याला अँटेना घेऊन किनाऱ्यावर बोलवा.