चर्चगेटच्या सागवानी प्रतिकृतीला नवा कठडा बसवावा का?

गिरगावकर:
आमच्या संस्थेत मुंबईच्या कोटातील चर्चगेटची जुनी सागवानी प्रतिकृती आहे. सेंट थॉमस चर्चच्या बाजूचा हा दरवाजा गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात, तटबंदीबरोबर पाडला गेला आणि त्या जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले. प्रतिकृतीचा डावीकडचा कठडा गळून गेला आहे. तो नव्याने कोरून सगळ्यावर लाखेचे पॉलिश फिरवावे, असे कार्यकारिणीतील बहुतेकांचे मत आहे. माझा त्याला विरोध आहे. अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेचे तत्त्व इथे तंतोतंत लागू पडते.

दादरकर:
आपला मुद्दा वास्तूला लागू पडेल, परंतु ही वस्तू मुळात लोकांना दरवाजा कसा होता हे दाखवण्यासाठीच घडवलेली असणार. रोज चर्चगेट स्टेशनवर उतरणाऱ्या माणसाला त्या नावामागचा दरवाजा अर्धवट दाखवून काय साधणार? शिवाय मुंबईत १८५४पासून छायाचित्रकारांची संस्था होती. जुनी छायाचित्रे पाहून कोरले, तर तो अंदाज कसा?

गिरगावकर:
छायाचित्रावरून दरवाजा कळेल, या सुताराने तो कसा पाहिला हे कळणार नाही. उजव्या कठड्यावरचे कंगोरे त्याने पटाशीने सरळ छाटले आहेत, कमानीवर मात्र बारीक नक्षी आहे. म्हणजे कुठे हात आखडायचा हे त्याचे त्याने ठरवले होते. तळाच्या फळीत गोल माथ्याचे, यंत्रावर केलेले खिळे आहेत. असे खिळे उशिरा रूढ झाले; म्हणून ते मूळचे असतील, तर प्रतिकृती दरवाजा पडल्यानंतरची असण्याची शक्यता वाढते; नंतरच्या डागडुजीतले असतील, तर गोष्ट वेगळी. वरून पॉलिश चढले की हा तपास अवघड होऊन बसेल. (पॉलिशचा आपल्याकडे फारच सोस आहे.)

दादरकर:
पॉलिशचा आग्रह मी सोडतो, कठड्याचा नाही. तो फिक्या लाकडाचा, न रंगवलेला, सरस न लावता केवळ खुंट्यांवर टेकवलेला असावा. भरलेला भाग सुसंगत दिसावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा, असे तीच सनद सांगते.

माहीमकर:
खुंटीसाठी जुन्या लाकडात नवे भोक पाडावे लागले, तर माझा श्री. दादरकरांना विरोध राहील. तळाशी ताजा, फिकट भुसा पडत असेल, तर लाकूड पोखरणारा भुंगा अजून जिवंत आहे. आधी त्याचा बंदोबस्त करा.