टिकझेडमधले चौकोन एकाच रुंदीचे कसे करायचे?

प्रश्न: टिकझेडमध्ये (लाटेक या मजकूर-मांडणी प्रणालीत कोड लिहून आकृत्या काढायचं पॅकेज) केलेल्या फ्लोचार्टमध्ये पाच चौकोन एकाखाली एक आहेत. ‘मिनिमम विड्थ’ ३ सेंमी दिली, तरी दोन चौकोन इतरांपेक्षा रुंद येतात.

उत्तर १: ती फक्त किमान मर्यादा. मजकूर लांब असला की चौकोन वाढणारच. ‘टेक्स्ट विड्थ’ (मजकुराची ठरावीक रुंदी) ३ सेंमी द्या आणि ‘अलाइन’ सेंटर ठेवा. जास्तीचा मजकूर खालच्या ओळीत जाईल. चौकोन मात्र ३ सेंमीहून मोठा भरेल, कारण दोन्ही बाजूंचा ‘इनर एक्ससेप’, म्हणजे मजकूर आणि कड यांमधली आडवी मोकळी जागा (न बदलल्यास प्रत्येकी ०.३३३३ ‘एम’; एम हे फॉन्टच्या आकारावर ठरणारं माप), त्यात मिळवला जातो.

उत्तर २: ओळ तोडायची नसेल तर सर्वांत लांब मजकूर पीजीएफच्या (टिकझेड ज्यावर उभं आहे ते पॅकेज) ‘विड्थ’ फंक्शनने मोजा, त्यात इनर एक्ससेपची दुप्पट मिळवा आणि तेवढी मिनिमम विड्थ सर्व चौकोनांना लावायच्या एकाच स्टाइलमध्ये (नाव दिलेल्या सेटिंगच्या संचात) लिहा. मोजणीचा फॉन्ट चौकोनातलाच हवा. साध्या अक्षरांत मोजून चौकोनात ठळक अक्षरं टाकली, तर तो हमखास रुंद निघतो.

प्रश्नकर्ता: जमलं, धन्यवाद! जाड रेघेचा चौकोन मात्र अजून किंचित मोठा दिसतो.

उत्तर २: रेघेची जाडी रुंदीत धरत नाहीत, अर्धी रेघ कडेबाहेर पडते. दोन रेघांच्या जाडीतल्या फरकाएवढी त्याची मिनिमम विड्थ घटवा. सर्वांत लांब मजकूर त्याच चौकोनात असेल, तर त्याचा इनर एक्ससेपही त्या फरकाच्या निम्म्याने कमी करावा लागेल.