मदत हवी आहे: ६५०२, झेड८० आणि ८०८८ या प्रोसेसरच्या वेगाची तुलना कशी करावी?

सांगलीत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी जुन्या संगणकांचा तक्ता करतोय: बीबीसी मायक्रो (६५०२, २ मेगाहर्ट्‌झ), झेडएक्स स्पेक्ट्रम (झेड८०ए, ३.५) आणि आयबीएम पीसी (८०८८, ४.७७). १९८४ च्या क्लास (शाळांमध्ये संगणक साक्षरता) योजनेत आपल्याकडच्या शाळांना बीबीसी मायक्रोच मिळाले होते, म्हणून तो हवाच.

नुसते मेगाहर्ट्‌झ लिहिले तर पोरं म्हणणार स्पेक्ट्रम जवळपास दुप्पट वेगवान. तसं नाहीये. ६५०२ ची सर्वांत छोटी आज्ञा २ सायकलची (घड्याळाच्या ठोक्यांची), झेड८० ची ४ ची.

बेसिकमध्ये लूप चालवून पाहिला, पण त्यात मोजमाप इंटरप्रिटरचंच होतं. मग मॅन्युअलमधून सायकल मोजल्या. एक बाइट हलवायला झेड८० च्या एलडीआयआरला (मेमरीचा गठ्ठा हलवणाऱ्या आज्ञेला) २१ सायकल, म्हणजे ६ मायक्रोसेकंद. ६५०२ च्या साध्या लूपला १४ सायकल, म्हणजे ७. जवळपास बरोबरी! पण १६ बिटांची बेरीज झेड८० रजिस्टरमध्ये ११ सायकलमध्ये उरकतो, ६५०२ ला झीरो पेज (मेमरीचे पहिले २५६ बाइट) वापरूनही २० लागतात. उलट मेमरीतून एक बाइट उचलायला ६५०२ ला झीरो पेजमधून ३ पुरतात, झेड८० ला थेट पत्त्यावरून १३.

८०८८ चं गाडं मात्र अडलंय. मेमरीशी जोडणारी बस ८ बिटांची, प्रत्येक बाइट आणायला ४ सायकल, त्यात प्रीफेच रांग (पुढच्या आज्ञा आधीच आणून ठेवायची). त्यामुळे मॅन्युअलमधले आकडे जसेच्या तसे धरता येत नाहीत.

खरी यंत्रं नाहीत, इम्युलेटरच आहेत. तक्त्यात तीनच चाचण्यांना जागा आहे. तिन्ही प्रोसेसरना न्याय मिळेल अशा कोणत्या घ्याव्यात, आणि ८०८८ चा वेळ कागदावर काढायची काही विश्वासार्ह रीत आहे का?