'सनबर्स्ट'ला आपण काय म्हणू?

उत्तर कसबा:
गेल्या शनिवारी पुण्याहून इलेक्ट्रिक गिटार आणली. पाच वर्षं पैसे बाजूला टाकत होतो. संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये सोलापूर येईपर्यंत मांडीवर धरून बसलो, वर सामानाच्या फळीवर ठेवायला जीव झाला नाही. घरी पोचलो तर आई जागीच. पिशवीची चेन उघडल्यावर तिनं आधी हात पुसले, मग कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्या रंगाला काय म्हणायचं रे?" म्हटलं, सनबर्स्ट. "म्हणजे?" तिथं अडलो.

मध्ये मधासारखा पिवळा, मग लाल, कडेला येता येता काळा. एक कुठं संपतो आणि दुसरा कुठं लागतो ते बोट ठेवून दाखवता येत नाही. भाचीनं 'सूर्यस्फोट' सुचवलं, पण त्यात मला दारूगोळाच दिसतो. आईचं म्हणणं, आपल्याकडे ह्याला शब्द असणारच. आहे का?

साखर पेठ:
अभिनंदन! शब्द आहे की, धूपछाव. आमच्या घरात तीन पिढ्या माग चालला, लहानपणापासून कानावर आहे.

कोरं सूत:
काका, धूपछाव वेगळं. ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा, बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या रंगाचा, म्हणून कापड हललं की रंग पालटतो. गिटारचा रंग जागचा हलत नाही. तो लाकडावर फवारलेला असतो, मध्ये पातळ आणि कडेला दाट.

साखर पेठ:
ताई, विणकामाच्या हिशेबानं तुमचं बरोबर. पण माझी आई शेडच्या, म्हणजे रंग हळूहळू पालटत जाणाऱ्या लुगड्यालाही धूपछावच म्हणायची. बोलणाऱ्या बाईच्या तोंडचा शब्द चूक कसा ठरवायचा?

मिरजेची खुंटी:
मी सतारींना लाखेचं पॉलिश करतो, म्हणून ह्या रंगाचं थोडं सांगतो. जुन्या व्हायोलिनला वापरून वापरून मधला भाग उजळ पडतो आणि कडा काळवंडतात. नव्या वाद्याला ते रूप मुद्दाम द्यायचं, ही ह्यामागची कल्पना. गिब्सन ह्या अमेरिकन कंपनीच्या मेंडोलिनवर ही छटा १९२०च्या दशकातच आहे. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही गिटार १९५४ साली आली तेव्हा ह्या छटेत रंग दोनच होते, पिवळसर आणि काळपट तपकिरी. मधला लाल १९५८ मध्ये आला. त्या सुरुवातीच्या वर्षांतला लाल पुष्कळ गिटारींवर उजेडानं विटून गेला, आणि आज जाणकार त्या विटलेल्या गिटारीही जिवापाड जपतात.

कोरं सूत:
'विटला' म्हणू नका हो. विटका म्हणजे टाकाऊ. रंग 'उतरला' म्हणा.

मिरजेची खुंटी:
उतरतो तो धुण्यात, पाण्याबरोबर. उन्हानं जातो तो विटतो. नवऱ्यामुलाच्या जरीच्या फेट्याचा रंग पन्नास वर्षांनी विटला तरी तो फेटा आपण टाकतो का?

शब्दनिष्ठ:
मूळ प्रश्नाकडे येऊ. संस्कृतात इतकं धन असताना शेड-बिड कशाला? अर्कच्छटा किंवा प्रभावळ म्हणावं. 'प्रभावळ' तर घराघरांत माहीत आहे.

भीमाकाठ:
सर, प्रभावळ देवाच्या मागं असते. तिथं झळाळी कडेला आणि मूर्ती मध्ये. हे बरोबर उलटं झालं. चंद्राचं खळंही मी लावून बघितलं, त्यातही उजेडाचं कडं बाहेरच पडतं.

मी पंढरपूरकडचा, आमच्या भागातले भोपळे मिरजेत जाऊन सतारी होतात, तेव्हा वाद्याचा तेवढा तरी संबंध. आमच्याकडे पहाटे म्हणतात, "तांबडं फुटलं." ह्यात सूर्य आहे, रंग आहे आणि 'बर्स्ट'सुद्धा आहे. फुटणं म्हणजे दर वेळी स्फोट नव्हे. पालवी फुटते, गाईला पान्हा फुटतो. आणि वाद्याला लागू पडेल असं म्हणजे कंठ फुटतो. 'तांबडफुटी' रंग म्हणा.

उत्तर कसबा:
भीमाकाठ, कंठ फुटतो वाचून अंगावर काटा आला. रविवारी सकाळी गिटार गच्चीवर नेली होती. रात्री ट्यूबलाइटखाली जी कड नुसती काळी दिसत होती, तिच्यातून उन्हात लाल वर आला आणि त्याच्याखाली लाकडाच्या रेषा दिसायला लागल्या, एकेक मोजता येईल अशा. अँप्लिफायर लावलाच नाही. तशीच कोरडी वाजवत बसलो, दहा वाजेपर्यंत.

शब्दनिष्ठ:
तांबडं सूर्योदयाच्या आधी फुटतं. इथं मध्ये पिवळा सूर्य वर आलेला आहे. शब्द गोड आहे, पण वेळ चुकली.

साखर पेठ:
एक विचारू? सगळे 'गिटार आणली' लिहिताय. आमच्या ऑर्केस्ट्रात सगळे 'गिटार आणला' म्हणायचे. शब्दच मुळी गीत अधिक तार असा आहे.

मिरजेची खुंटी:
नाही काका. ग्रीक किथारा, तिथून अरबी, मग स्पॅनिश, असा तो फिरत आलाय. आपल्या सतारीतली तार फारसी आहे, सेह-तार म्हणजे तीन तारा. ती सतार, म्हणून ती गिटार.

साखर पेठ:
तो तंबोरा, तो सरोद. म्हणून तो गिटार.

कोरं सूत:
वीणा, सारंगी, सतार. मांडीवर घ्यायची ती सगळी 'ती'च आहे बघा.

साखर पेठ:
सरोद मांडीवरच घेतात, ताई.

उत्तर कसबा:
आईला सगळं वाचून दाखवलं. तांबडं तिला आवडलं. पण मग स्वयंपाकघरातून कडक भाकरी घेऊन आली आणि गिटारशेजारी धरली. मध्ये पिवळसर पांढरी, कडेला तपकिरी होत गेलेली. म्हणाली, "खरपूस रंग म्हण की."

भीमाकाठ:
माउलींना नमस्कार सांगा. पण खरपूस हा रंग आहे का? आमच्याकडे खरपूस भाजण्याला म्हणतात. शेंगा खरपूस भाजायच्या, मग चटणी कुटायची.

कोरं सूत:
आमच्याकडे शेंगा खमंग भाजतात. खमंग वासाला, खरपूस रंगाला.

शब्दनिष्ठ:
दोन्ही वासालाच. रंगाला तांबूस.

साखर पेठ:
तांबूस म्हणजे फार फार तर कांदा परतल्यावर येतो तो. कडक भाकरीची कड तांबूस कुणी म्हटलेली मी सोलापुरात तरी ऐकली नाही. उत्तर कसबा, आईंना विचारा, त्या कडेला नुसतं 'कड' म्हणतात की आणखी काही?