सासवडजवळच्या प्लॉटवर कारखान्यात तयार झालेले घर उभारावे का?

कोथरूडवासी (प्रश्न):
सासवडच्या अलीकडे आमचा ३ गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट आहे. आई-वडिलांसाठी तेथे सुमारे ६५० चौरस फुटांचे एकमजली घर उभारण्याचा विचार आहे. वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे घर लवकर तयार होणे आमच्यासाठी महत्त्वाचे आहे. एका कंपनीने हलक्या पोलादी सांगाड्याचे, कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडायचे घर सुचवले असून चौथरा झाल्यावर दीड महिन्यात ताबा देण्याची तयारी दाखवली आहे. असे घर तात्पुरते समजले जाते, म्हणून बांधकाम परवानगी लागत नाही, असेही त्यांनी तोंडी सांगितले. खर्च मात्र वीटबांधकामापेक्षा फारसा कमी नाही. ऊन, पाऊस आणि गृहकर्ज या तीन बाबतींत अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

स्थापत्य अभियंता, सिंहगड रस्ता:
परवानगीबद्दल जे सांगितले गेले, त्यावर कृपया विसंबू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार कायम वास्तव्याच्या घराला परवानगी लागते, मग भिंत विटेची असो वा पॅनेलची, म्हणजे कारखान्यात बनलेल्या तयार फलकांची. प्लॉट नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या), हे आधी पाहा आणि मंजूर नकाशा हातात येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.

तंत्राविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सहा शहरांत वेगवेगळ्या तंत्रांनी गृहप्रकल्प सुरू केले, त्यांपैकी आगरतळ्याचा प्रकल्प हलक्या पोलादी सांगाड्याचाच आहे. नऊ इंची वीटभिंतीचे वजन दर चौरस मीटरला ४०० किलोच्या पुढे जाते आणि पॅनेलची भिंत त्याच्या लहानशा अंशाइतकीच असते. भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तेथे हा हलकेपणा उपयोगी पडतो, पण वाऱ्याच्या बाबतीत तोच अडचणीचा ठरतो, कारण वारा छपराला वर उचलू पाहतो. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. सांगाडा चौथऱ्याला कोणत्या बोल्टांनी आणि किती अंतरावर जखडणार, याची आकडेमोड लेखी मागा.

चौथऱ्याखाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. घर हलके आहे म्हणून पाया उथळ चालेल, असे कोणी सांगितले तरी ऐकू नका. हलक्या घराला ती माती अधिक सहज उचलते आणि पॅनेलचे सांधे उघडतात. पाया मुरमापर्यंत न्यावा.

पौडवाला:
मुळशी तालुक्यात आम्ही चार वर्षांपासून अशा घरात राहतो. आमच्याकडे पाऊस सासवडपेक्षा कितीतरी अधिक असतो, त्यामुळे तुमचा त्रास कमी असेल. तरीही सांगतो की दुसऱ्या पावसाळ्यात झडीचे पाणी भिंतीतून नव्हे, तर खिडकीच्या चौकटीभोवतीच्या सांध्यातून आत आले. तेथे पत्र्याची पट्टी न बसवता नुसते सिलिकॉन भरले होते आणि ते उन्हाने फाटले. पुढे आम्ही छपराची वळचण दोन फूट बाहेर काढली, तेव्हा प्रश्न मिटला. तुम्ही नकाशातच ती धरून ठेवा. एप्रिलमध्ये दुपारी घर लवकर तापते, परंतु स्लॅबप्रमाणे साठलेली उष्णता रात्रभर सोडत नाही आणि दिवस मावळल्यावर तासाभरात गारवा येतो. छपराखाली खडकलोकरीचा (रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंचा) थर घातल्याने पावसाचा आवाजही सुसह्य झाला.

वडिलांसाठी एक गोष्ट आवर्जून करा. न्हाणीघरात आणि शौचालयात आधारासाठी दांडे लागतील. पॅनेलवरच्या पातळ फळीत मारलेला स्क्रू माणसाचा भार पेलत नाही. दांडे आणि गिझर जेथे येणार, तेथे कारखान्यातच आत जाड प्लायवूड किंवा पोलादी पट्टी बसवून घ्या. नंतर भिंत उघडावी लागते.

कर्वेनगरकर:
मी अनेक वर्षे बँकेच्या गृहकर्ज विभागात काम केले आहे. बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा आणि कायमचा पाया असेल तर अशा घराचा कर्ज-अर्ज नेहमीच्या मार्गाने तपासता येतो. अडचण हप्त्यांची येते. जागेवर काम जसे वाढते तशी बँक टप्प्याटप्प्याने रक्कम सोडते, तर कंपनीला बहुतांश पैसे कारखान्यात काम सुरू होण्यापूर्वी हवे असतात, आणि त्या काळात तुमच्या प्लॉटवर चौथऱ्याशिवाय काहीच उभे नसते. करारावर सही करण्याआधी हे वेळापत्रक बँकेला दाखवा आणि मूल्यांकन करणारा अधिकारी कारखान्यात जाऊन तपासणी करेल का, हे लेखी विचारा. कोटेशनमधील दरात १८ टक्के जीएसटी, क्रेन, सेप्टिक टँक आणि वीजजोडणी धरली आहे का, तेही पाहा.

कोथरूडवासी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोटेशन पुन्हा काढून पाहिले. त्यात जीएसटी, क्रेन आणि सेप्टिक टँक यांपैकी काहीही धरलेले नाही. रविवारी प्लॉटवर चाचणीचा खड्डा खणून मुरूम किती खोल लागतो ते पाहणार आहे आणि बोल्टांची आकडेमोड कंपनीकडे आजच लेखी मागितली आहे. पौडवाले, आपल्याला गैरसोय नसेल तर एखाद्या दुपारी आई-वडिलांना घेऊन आपले घर पाहायला यावे, असे वाटते. आतला उकाडा त्यांनी स्वतः अनुभवल्याशिवाय मी निर्णय घेणार नाही.

पौडवाला:
अवश्य या. दुपारी दोनच्या सुमारास या, म्हणजे घर सर्वांत तापलेले असताना पाहता येईल, आणि आईंना संध्याकाळपर्यंत थांबता आले तर गारवा कधी येतो तेही कळेल. पायरीऐवजी दाराशी उतार केलेला आहे, त्यामुळे वडिलांना त्रास होणार नाही.