टर्बोला वेगळी तेलटाकी? उगाच कशाला!

उडाणटप्पू: काल इथे कुणीतरी सल्ला दिला की घरी बांधलेल्या विमानात माझदाचं १३बी हे वँकेल (रोटरी) इंजिन बसवताना टर्बोला, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याला, इंजिनाचं तेल देऊच नका, वेगळी टाकी आणि इलेक्ट्रिक पंप लावा. वाचून डोकं फिरलं. माझदाच्याच आरएक्स-७ गाडीच्या टर्बोला इंजिनाचंच तेल जातं ना? मिनिटाला लाखभर फेरे घेणारा शाफ्ट, आणि त्याचा जीव एका फ्यूजवर? अहो, तेल नेणं सोपंय. गोची परतीची आहे. बेअरिंगमधून निघतो तो फेस, दाब जवळपास शून्य. जाड नळी, सरळ उतार, आणि सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलकुंडात, तेलाच्या पातळीच्या वर तोंड. एवढंच.

काउलवाला: तो 'कुणीतरी' मीच. माझा टर्बो सम्पच्या खाली लटकतोय. उतार काय तुमच्या घरून आणू? आणि टर्बोचं सील गेलं की इंजिनाचं तेल एक्झॉस्टमधून बाहेर. वँकेलमध्ये पिस्टनच्या जागी फिरणारे रोटरसुद्धा तेलानेच थंड होतात, विसरलात?

जुना_चेतक: टाकी राहू द्या. ओएमपी, म्हणजे सम्पमधलं तेल थोडं थोडं इंजिनात जळायला सोडणारा पंप, काढून पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळता, त्याचं बोला. पेट्रोलपंपावर स्कूटरमध्ये लिटरला २० मिली तेल घालून आम्ही हयात काढली. एकदा विसरलो, घाटातच पिस्टन धरला. हवेत विसरलात तर?

उडाणटप्पू: इथे गॅलनला १ औंस पुरतो, काका. सम्पमधलं तेल जळून राख होते, म्हणून मिसळतात.

जुना_चेतक: काका कुणाला म्हणता? विसरलात तर काय, ते सांगा.

काउलवाला: भरतानाच मिसळतो, चेकलिस्टमध्ये आहे. स्कूटर आणि विमान एकच का?

एरंडेल: पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांत एरंडेल घालत. वैमानिकांचं पोट साफ!

उडाणटप्पू: ती वेगळी हो, त्यात सिलिंडरच गरगरायचे. धाग्याचा पार बोजवारा.

ओहायोकर: आमच्या गॅरेजात टर्बो आयडलवर निळा धूर ओकायचा. सील, सील म्हणत दोन टर्बो बदलले. शेवटी दिसलं, परतीचा होज मधेच लोंबून यू झाला होता. त्यात तेल साचून मागे तुंबायचं. चार इंच होज कापला, धूर बंद. पैसे गेले ते गेलेच.

काउलवाला: म्हणजे टाकीची गरज सिद्ध झाली.

उडाणटप्पू: नाही, नीट होज लावण्याची झाली. बरं, टर्बो सम्पखाली असेल तर परतीला तेल ओढून सम्पमध्ये चढवणारा स्कॅव्हेंज पंप लावा, तेवढं मान्य. टाकी नाही म्हणजे नाही.

काउलवाला: उपकार झाले! आणि उतरल्या उतरल्या इंजिन बंद करून टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये तेलाचा कोळसा करू नका.

जुना_चेतक: विसरलात तर काय, ते अजून सांगितलं नाहीत.